तबकडीत खोली नव्हती : सातारा-सांगलीच्या घरातील श्रवणाचा इतिहास

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गायक ध्वनिमुद्रणाला बसे, तेव्हा त्याच्यासमोर श्रोते नसत आणि मायक्रोफोनही नसे. समोर असे एक मोठा कर्णा. त्यात जवळून, आवाज खुला ठेवून, अवघ्या तीन-साडेतीन मिनिटांत गाणे आटोपावे लागे. मिरजेला आपले घर मानणाऱ्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या आरंभीच्या तबकड्या अशाच निघाल्या. कर्ण्याला केवळ निकटचा आवाज कळे. ज्या खोलीत गाणे झाले, तिच्या भिंतींनी परतवलेला नाद मेणावर जवळजवळ उमटतच नसे. तबकडीत गायक होता, खोली नव्हती. ती खोली पुरवीत असे ऐकणाऱ्याचे घर.

आज ध्वनियंत्रणेचा शौकीन आधी अॅम्प्लिफायर ठरवतो, मग स्पीकर, मग केबल. आणि सर्वांत शेवटी, घरात जी उरली असेल ती खोली. हा क्रम उलटा आहे. का, ते सातारा-सांगलीच्या घरांचा इतिहास पाहिला की ध्यानात येते.

या भागातील जुने घर खणांत मोजले जाई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. घराची रुंदी खणांनी वाढे, खोली मात्र तुळईच्या लांबीने बांधलेली असे. दारातून आत आले की सोपा, पुढे चौक, मागे माजघर आणि ऐपत असेल तर माडीवर दिवाणखाना. भिंती मातीच्या, जाड. वर लाकडी तक्तपोशी किंवा माळवद. भिंतीत कोनाडे, देवळ्या, खुंट्या. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी उभा असलेला नाना फडणवीसांचा अठराव्या शतकातील वाडा हा या बांधणीचा थोरामोठ्यांचा नमुना. सामान्य सावकाराचे किंवा इनामदाराचे घर याहून पुष्कळच लहान, पण घडण तीच.

गाण्याची बैठक असली की दिवाणखान्यात जाजम पडे, त्यावर गाद्या, भिंतीलगत लोड-तक्के. हा सारा थाट बसण्याच्या सोयीसाठी होता. नादाचा विचार करून कोणी लोड ठेवला नव्हता. तरीही त्या लोडाने काय साधले, याचे उत्तर फार दूरच्या एका माणसाने शोधून काढले.

१८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे एक तक्रार सोपवली. फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेले काहीच समजत नव्हते. उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. सॅबिनने दुसऱ्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवीत नेल्या आणि ऑर्गनच्या एका नळीचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून, केवळ कानाने मोजले. त्यातून निघालेला नियम आजही चालतो : नाद घुमण्याचा काळ खोलीच्या घनफळासोबत वाढतो आणि खोलीतील शोषणासोबत घटतो. शोषण मोजायला त्याने घेतलेले माप फार सुंदर आहे. उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला नाद परत येत नाही, म्हणून ते पूर्ण शोषण.

हे माप घेऊन एक काल्पनिक दिवाणखाना तपासू. लांबी ३० फूट, रुंदी १५, उंची १०. म्हणजे ४,५०० घनफूट. जमीन मोकळी, माणसे नाहीत. चौकाकडच्या उघड्या खिडक्या आणि लाकडी छत मिळून सुमारे १६० चौरस फूट ‘उघडी खिडकी’. सॅबिनच्या सूत्राने नाद विरायला साधारण १.४ सेकंद लागतील. आता जाजम आणि गाद्या घाला, तीस माणसे बसवा, त्यांची धोतरे, अंगरखे, उपरणी आणि पागोटी धरा. शोषण ३७० चौरस फुटांच्या घरात जाते आणि काळ उतरतो ०.६ सेकंदावर. द्रुत तानेत एका सेकंदात आठ स्वर पडत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग येतो. दीड सेकंदाच्या घुमाऱ्यात तान चिखलात रुतते. अर्ध्या-पाऊण सेकंदात ती मोत्यांसारखी सुटी राहते आणि आवाजाला किंचित ऊबही मिळते. श्रोता हा केवळ दाद देणारा नव्हता, तो खोलीच्या जडणघडणीचा भाग होता.

पण त्या खोलीला दार होते, आणि ते सर्वांसाठी उघडे नव्हते. पलुसकर म्हणजे विष्णू दिगंबर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकत असताना तेथील एका समारंभाचे निमंत्रण त्यांना आले, त्यांच्या गुरूंना आले नाही. गवयाला मानाने बोलवावयाचे असते, ही कल्पनाच प्रतिष्ठितांच्या मनात नव्हती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८९६ साली विष्णू दिगंबरांनी मिरज सोडली, पुढे तिकीट लावून मैफली केल्या आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ज्या दिवाणखान्यात गायकाचा सूर एवढा जपला जाई, त्यात गायकाचा मान जपला जात नसे. मग गावकुसाबाहेरच्या श्रोत्याची गोष्ट दूरच. घरातील स्त्रियांनी ऐकायचे ते माजघरातून, दाराआडून. १९०५ साली मिरजेतच जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी पुढे रंगमंचावर बसून, तिकिटाच्या मैफलीत गायला सुरुवात केली, तेव्हा ही दारे दोन्ही बाजूंनी खिळखिळी झाली.

तबकडीने जे केले ते याच संदर्भात पाहावे. चावी भरली की खाँसाहेब कोणाच्याही सोप्यात गाऊ लागत, चहाच्या दुकानातही. भीमसेन जोशी लहानपणी ज्या गाण्याने वेडे झाले, ती ‘पिया बिन नही आवत चैन’ ही झिंझोटीतील ठुमरी त्यांनी अब्दुल करीम खाँच्या तबकडीवरच ऐकली, तीही घराबाहेर, एका दुकानाशी. त्या दुकानाची लांबी-रुंदी कोणी मोजली नसेल. किराणा घराण्याचा पुढचा इतिहास मात्र तिथे ठरला.

मोजण्याची हौस या परिसराला नव्हती असे नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी तारेच्या लांब्या मोजून बावीस श्रुतींची गणिते मांडली आणि १९१० साली ती इंग्रजीत छापली. त्यांना साथ होती ई. क्लेमंट्स या इंग्रज सनदी न्यायाधीशाची आणि स्वर लावून दाखवायला साक्षात अब्दुल करीम खाँची. त्यातून श्रुतींची पेटीही बनली. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर भातखंड्यांच्या बाजूने कडाडून हरकती आल्या. देवलांची श्रुतिमीमांसा आज किती टिकते हा वेगळा वाद. एक गोष्ट मात्र मनोरंजक आहे. हार्वर्डचा प्राध्यापक आणि सांगलीचा डेप्युटी कलेक्टर जवळजवळ एकाच काळात कानाने आणि साध्या साधनांनी नाद मोजीत होते. एकाने खोली मोजली, दुसऱ्याने तार. दोघांची वही एकत्र आली असती तर!

खोलीच्या पोकळीचे मोल मिरजेत कोणालाच ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार यांच्या घराण्याने हत्यारांचे काम सोडून तंतुवाद्ये घडवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा निवडताना कारागीर त्याचा घेर पाहतो, साल किती जाड ते बोटाने वाजवून पाहतो. पुरुषी तंबोऱ्याला मोठा भोपळा, बायकी तंबोऱ्याला लहान. भोपळा ही तंबोऱ्याची खोलीच, आणि तिचा आकार स्वरानुसार ठरतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

या तंबोऱ्याच्या खर्जाशीच पुढची कथा जोडलेली आहे. काळी एकच्या षड्जाचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. कर्ण्यातून केलेल्या ध्वनिमुद्रणात साधारण २०० हर्ट्झच्या खालचे फारसे काही उतरतच नसे. तरी जुन्या तबकडीवर खर्ज असल्याचा भास होतो, कारण जवारीमुळे वरचे स्वयंभू स्वर ठळक उठतात आणि हरवलेला मूळ स्वर कान स्वतःच भरून काढतो. या उणिवेचा एक फायदा होता, जो त्या काळी कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. लहान खोलीचे खरे दोष खालच्या स्वरांत असतात. ग्रामोफोन तिथपर्यंत पोहोचत नसे, म्हणून ते दोष निजलेले राहिले.

१९२५ साली विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि मायक्रोफोन खालच्या स्वरांत उतरला. मग रेडिओ आला. १९५२पासून शनिवारी रात्री आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू झाला आणि १९६३ साली सांगलीला केंद्र निघाले. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या सोप्यात शेजारी जमत. दिवाणखान्याची बैठक पुन्हा भरली, फक्त गायक लाकडी खोक्यात होता. १९५५ साली अली अकबर खाँ यांची लाँग प्ले तबकडी अमेरिकेत निघाली. तीन मिनिटांची अट सुटली आणि डग्ग्याचा घुमाराही तबकडीत मावू लागला.

नेमक्या याच वेळी घर बदलले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने पाटण खोऱ्यातील दगडमातीची घरे जमीनदोस्त केली. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. मातीच्या भिंतीवरचा विश्वास ढळायला एवढे पुरेसे होते. सिमेंट आले आणि ते यायलाच हवे होते. जीव वाचवणाऱ्या भिंतीला नादाच्या हिशेबात दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. पण हिशेब तर करावाच लागतो. सिमेंटची गुळगुळीत भिंत नादाचा जेमतेम दोन-तीन शतांश भाग शोषते. आपल्याकडची प्रसिद्ध ‘दहा बाय दहा’ची खोली घ्या, छतही दहा फुटांवर. घनफळ हजार घनफूट, पृष्ठभाग सहाशे चौरस फूट, शोषण अवघे अठरा. दारे-खिडक्या लावून रिकामी ठेवली तर ती अडीच सेकंदांहून अधिक काळ घुमते. चौपट मोठ्या दिवाणखान्याच्या जवळजवळ दुप्पट!

हे दुखणे त्यातल्या त्यात सोपे. गादी, पुस्तकांचे कपाट, जाड पडदा आणि चार मित्र एवढ्याने ते पाऊण सेकंदाच्या खाली येते. म्हणजे पुन्हा जुनी बैठकच. कठीण आहे तो आकार. दहा फुटांच्या दोन समांतर भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झची अर्धी लहर नेमकी मावते आणि तिथे अडकून राहते. लांबी, रुंदी, उंची तिन्ही समान असली की तिन्ही दिशांना तोच स्वर अडकतो. मग डग्ग्याचा एखादाच घाव ढोलासारखा फुगतो आणि बाकीचे दबतात. कोपऱ्यात हा फुगवटा सर्वाधिक, खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणजे स्पीकर कोपऱ्यात ढकलून स्वतः मध्यभागी खुर्ची मांडणारा शौकीन दोन्ही चुका एकदम करतो.

१९४६ साली रिचर्ड बोल्ट यांनी खोलीची प्रमाणे अभ्यासली, तेव्हा चांगल्या प्रमाणांत उंची १० फूट असेल तर रुंदी साडेबारा आणि लांबी सोळा फुटांच्या आसपास निघाली. अशी खोली मिळाली तर लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे समोरच्या भिंतीपासून सहा फुटांवर बसावे, असा शौकिनांचा ठोकताळा आहे. तो ठोकताळाच, नियम नव्हे. नाही मिळाली तर चौकाकडे किंवा दुसऱ्या खोलीकडे उघडणारे दार सताड उघडे ठेवावे. सोप्याची एक बाजू चौकाला मोकळी असे, तेव्हा अडकणाऱ्या लहरीला पळायला वाट होती. सॅबिनची उघडी खिडकी तीच. शेजाऱ्यांची हरकत येईल, हे खरे.

सांगलीकरांसाठी याहून निकडीचा प्रश्न मजल्याचा असतो. २००५ आणि २०१९च्या महापुरांत कृष्णेचे पाणी गावठाणातल्या घरांत शिरले. दिवाणखाना माडीवर ठेवण्याची जुनी रीत कशासाठी पडली असेल ते असो, तबकड्यांना ती मानवते. लाखेची तबकडी पाण्याने लगेच मरत नाही; हलक्या हाताने पुसून, सावलीत वाळवली तर बहुधा वाजते. कागदी लेबल मात्र सुटून जाते आणि काळ्या चकतीवर कोणाचेच नाव उरत नाही. अगदी जुन्या तबकड्यांच्या बाबतीत यावरही उपाय निघतो. त्या काळी साचे दाबण्यासाठी जर्मनीत हानोव्हरला जात, आणि तिथल्या कारागिरांना गायक ओळखता यावा म्हणून अनेक गायक गाणे संपता संपता आपले नाव मोठ्याने सांगत. सुई शेवटच्या चरीपर्यंत जाऊ द्यायची आणि ऐकायचे.