बर्फवाट आणि बाजारपेठ

गांव रस्त्यावर वसतें, हा इतिहासाचा जुना अनुभव होय. नदीचा उतार, घाटाचें तोंड किंवा दोन वाटांची चौफुली दिसली कीं तेथें प्रथम पाणपोई, मग दुकान, मग धर्मशाळा आणि अखेर पेठ उभी राहते. रस्ता दुसरीकडे वळला कीं तीच पेठ ओस पडते. ह्या नियमाचीं उदाहरणें आपल्या घाटाघाटांत विखुरलेलीं आहेत. परंतु ज्या पेठेचा रस्ताच गोठलेल्या पाण्याचा आहे, जो मार्गशीर्षांत उगवतो आणि फाल्गुनांत विरघळून जातो, अशा पेठेचा इतिहास वाचकांच्या सहसा पाहण्यांत आलेला नसेल. अमेरिकेंतील माँटाना राज्यांतलें वेस्ट यलोस्टोन हें गांव तसें आहे. वस्ती जेमतेम तेराशें. पण तेथील दुकानांच्या दारापर्यंत बर्फावरची वाट यावी कीं न यावी, ह्या प्रश्नावर वॉशिंग्टनच्या न्यायालयांत वर्षानुवर्षें वाद चालले. त्या वादाची हकीकत सांगण्याजोगी आहे.

ह्या वाटेवर जी गाडी धांवते तिला तिकडे स्नोमोबाइल म्हणतात. आम्ही तिला बर्फगाडी म्हणूं. पुढें बर्फावर घसरणाऱ्या दोन स्की, मागें फिरणारा रुंद पट्टा, मध्यें इंजिन, आणि घोड्यावर मांड ठोकावी तसे तिच्यावर बसणारे एक-दोन स्वार, असें तिचें रूप आहे. विस्कॉन्सिनमधील सेनर ह्या खेड्यांत कार्ल एलियासन नांवाचा एक दुकानदार होता. पायांतील व्यंगामुळें त्याला हिवाळ्यांत मित्रांबरोबर रानांत फिरणें जमत नसे. त्यानें नावेचें लहान इंजिन लांकडी घसरगाडीवर बसवून 1924 सालीं अशी एक गाडी तयार केली. म्हणजे बर्फगाडीच्या आरंभींच एक दुकानदार उभा आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

कॅनडांतील क्वेबेक प्रांताची हकीकत अधिक करुण आहे. व्हॅलकूर्त गांवचा यंत्रज्ञ जोझेफ-आर्मां बाँबार्डिए हा पोरवयापासून बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या ध्यासांत होता. 1934 च्या हिवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकारानें आजारी पडला. रस्ते बर्फानें बुजलेले, हातची गाडी अर्धवट, आणि रुग्णालय दूर, मूल दगावलें. पुढें 1937 सालीं त्यानें आपल्या पट्ट्याच्या रचनेचें पेटंट मिळविलें, आणि सात माणसांची व नंतर बारा माणसांची मोठी बर्फमोटार बाजारांत आणली. डॉक्टर, टपाल, शाळेचीं मुलें ह्यांची ने-आण तिच्यांतून होऊं लागली. परंतु 1948 सालीं क्वेबेक सरकारनें खेड्यापाड्यांतील रस्ते हिवाळ्यांतहि मोकळे ठेवण्याचा कायदा केला. बर्फ लोटणारे नांगर रस्तोरस्तीं फिरूं लागले आणि मोठ्या बर्फमोटारीचा खप एकाएकीं घसरला. बाँबार्डिएनें मग इतर धंदे पाहिले, आणि 1959 सालीं ‘स्की-डू’ ही छोटी, हलकी गाडी काढली. ती गरजेपेक्षां हौसेसाठींच अधिक खपली.

ह्यांतून एक गोष्ट निष्पन्न होते. बर्फगाडीचा वैरी केवळ ऊन नसून बर्फ लोटणारा नांगरहि आहे. जेथें रस्ता मोकळा होतो तेथें तिला काम उरत नाहीं. तिला जगायला हिम तर हवेंच, पण तें हिम जागच्या जागीं राहूं देण्याचा कोणाचा तरी निश्चयहि हवा. वेस्ट यलोस्टोनचा पुढील इतिहास ह्या निश्चयाचा इतिहास आहे.

यलोस्टोन हें 1872 सालीं स्थापन झालेलें पहिलें राष्ट्रीय उद्यान. उष्णोदकाचीं कारंजीं, गव्यांसारखे दिसणारे बायसन, आणि सुमारें 3,500 चौरस मैलांचें रान हें त्याचें वैभव. 1908 सालीं आगगाडी उद्यानाच्या पश्चिम सीमेपर्यंत आली, आणि रुळांच्या टोकाशीं हें गांव उठलें. उन्हाळ्यांत प्रवाशांची दाटी, आणि पहिलें मोठें हिम पडलें कीं दुकानांना फळ्या ठोकलेल्या, असा त्याचा क्रम अर्धें शतक चालला. गांवाजवळच्या एका चौकींत 1933 सालीं शून्याखालीं 66 अंश फॅरनहाइट इतकी थंडी नोंदली गेली आहे. तेव्हां फळ्या ठोकणाऱ्या दुकानदारांना भित्रे म्हणतां येणार नाहीं. पुढें मोटारींनीं आगगाडीला मागें टाकलें आणि 1960 सालीं प्रवासी गाड्या बंद पडल्या.

मध्यंतरीं 1955 सालीं ह्या गांवच्या लोकांनीं बाँबार्डिएच्या मोठ्या बर्फमोटारींतून उत्साही प्रवाशांना उद्यानांत नेण्यास आरंभ केला. क्वेबेकमध्यें मोकळ्या रस्त्यांनीं जिचें काम हिरावून घेतलें, तिला यलोस्टोनच्या बंद रस्त्यांनीं काम दिलें. 1963 सालापासून लहान बर्फगाड्याहि आंत जाऊं लागल्या. त्याच सुमारास भोंवतालच्या प्रदेशांतून एक वेगळीच मागणी जोर धरीत होती: उद्यानांतील रस्ते हिवाळ्यांतहि नांगरावे आणि मोटारींना मोकळे करावे. 1967 सालीं सेनेटच्या एका समितीनें जॅक्सन येथें ह्या मागणीची सुनावणी केली. उद्यानखात्याचें म्हणणें असें कीं, रस्ता नांगरला म्हणजे दोन्ही बाजूंस बर्फाच्या उंच भिंती उभ्या राहतील. प्रवाशाला कांहीं दिसणार नाहीं आणि जनावरें त्या चरांत कोंडलीं जातील. शिवाय खर्च फार. म्हणून 1968 सालीं खात्यानें नांगराऐवजीं बर्फगाडी पत्करली. 1971 पासून रस्त्यांवरील हिम यंत्रानें दाबून सपाट करण्यास सुरुवात झाली, आणि प्रसिद्ध ओल्ड फेथफुल कारंज्यापाशीं हिवाळी निवासगृह उघडलें. गांवापासून तें तीस मैलांवर आहे. सकाळीं निघून सायंकाळीं परत येण्याइतकें सोयीचें अंतर!

आमच्या मतें गांवाचा हिवाळा ह्याच निर्णयांतून जन्मला. रस्ते मोटारींना खुले झाले असते तर प्रवासी गांवाच्या दारावरून सरळ आंत गेले असते. रस्ता मोटारीला बंद आणि बर्फगाडीला खुला, म्हणून प्रत्येकाला ह्याच गांवीं उतरणें, गाडी भाड्यानें घेणें, जाड कपडे व पेट्रोल घेणें आणि रात्रीं ऊन सूप पिऊन निजणें प्राप्त झालें. गांवानेंहि आपल्या गल्ल्या बर्फगाड्यांना मोकळ्या केल्या. स्वार उपाहारगृहाच्या पायरीशीं गाडी उभी करी, जेवी आणि तेथूनच रानाची वाट धरी. गांवाबाहेर सरकारी जंगलांतून शेंकडों मैलांच्या बर्फवाटा आखल्या गेल्या. फळ्या निघाल्या, आणि जें गांव पूर्वीं एका ऋतूवर जगे त्याला दोन ऋतु मिळाले.

परंतु यशालाहि धूर असतो. 1992-93 च्या हंगामांत उद्यानाच्या हिवाळी प्रवाशांची संख्या एक लाख चाळीस हजारांवर गेली. त्या काळच्या इंजिनांचा आवाज कर्कश आणि धूर दाट. पश्चिम दरवाजावरील चौकींत बसणाऱ्या रक्षकांना बाहेरून ताजी हवा पुरवावी लागे. ज्या शांततेसाठीं उद्यान राखलें तीच नाहींशी झाली, ही तक्रार खोटी म्हणतां येत नाहीं. त्यांतच 1996-97 चा हिवाळा अतिशय कडक गेला. चाऱ्यासाठीं उद्यानाबाहेर पडलेले एक हजारांवर बायसन, पाळीव गुरांना रोग लागेल ह्या भीतीनें, मारण्यांत आले. दाबून केलेल्या सपाट रस्त्यांनीं जनावरांना बाहेरची वाट सोपी करून दिली, असा आरोप करून प्राणिरक्षक संस्थेनें दावा लावला. हा आरोप कितपत खरा ह्यावर शास्त्रज्ञांत मतभेद राहिला. पण दाव्याच्या तडजोडींतून हिवाळी वाहतुकीची समग्र चौकशी निघाली.

ह्यापुढचीं वर्षें गांवाला झोंपाळ्यावर बसविल्यासारखीं गेलीं. जानेवारी 2001 मध्यें उद्यानांतील बर्फगाड्या क्रमाक्रमानें बंद करण्याचा नियम झाला. नव्या अध्यक्षांच्या कारभारांत तो फिरवून रोज 950 गाड्यांची मर्यादा ठरली. 16 डिसेंबर 2003 रोजीं, म्हणजे हंगाम उघडण्याच्या आदल्या दिवशीं, वॉशिंग्टनच्या न्यायालयानें तो नवा नियम रद्द करून जुनी बंदी जागी केली. दोन महिन्यांत वायोमिंगच्या न्यायालयानें त्या बंदीलाच स्थगिति दिली! पुढें रोज 720 गाड्या, नंतर 318, असे आंकडे बदलत गेले. दुकानदाराची अडचण येथें ध्यानांत घ्यावी. गाड्या आधीं विकत घ्याव्या लागतात, खोल्यांचे पैसे आगाऊ आलेले असतात, नोकर ठेवलेले असतात. आणि आपली वाट उद्यां असेल कीं नाहीं हें त्याला परगांवच्या निकालपत्रांतून कळायचें. बंदी सोसवते, सवलतहि पचते. अनिश्चितता मात्र लहान व्यापाऱ्याला पोखरून टाकते.

अखेर 2013 सालीं जो नियम झाला त्यांत, आमच्या समजुतीप्रमाणें, दोन्ही पक्षांचें कांहीं राहिलें आणि कांहीं गेलें. सुट्या गाड्या मोजण्याऐवजीं तांडे मोजावे असें ठरलें. दिवसाला 110 तांडे; त्यांतले बर्फगाड्यांचे पन्नासांपर्यंत, बाकीचे बर्फमोटारींचे. इंजिनें कमी धुराचीं व कमी आवाजाचीं असलीं पाहिजेत आणि बहुतेक तांड्यांबरोबर धंदेवाईक वाटाड्या असला पाहिजे. मोकाट स्वार गेला, पण वाट राहिली. धूर कमी झाला, पण दुकान बंद पडलें नाहीं. गांवानेंहि एकाच गिऱ्हाइकावर विसंबणें सोडलें. बर्फमोटारीची सहल, स्कीवरून पायीं फिरणाऱ्यांच्या निराळ्या वाटा, सभोंवारच्या जंगलांतील बर्फगाड्या, असा हिवाळा आतां अनेक हातांनीं येतो.

ह्या सर्व हकीकतींत दुष्ट असा कोणी नाहीं. मुलांचीं पोटें भरण्यासाठीं वाट मागणारा दुकानदार दुष्ट नव्हे, आणि बायसनासाठीं शांतता मागणाराहि नव्हे. चूक असेल तर ती एका समजुतीची: दुकानाच्या पायरीशीं आलेली वाट दुकानाची असते, ही ती समजूत. वाट ज्या भूमीवरून येते त्या भूमीचे धनी अनेक असतात, आणि त्यांत मुकीं जनावरेंहि येतात. परवानगीनें मिळालेल्या वाटेवर पेठ बांधणाऱ्यानें त्या परवानगीचें मोल रोज फेडीत राहिलें पाहिजे.

आणि ह्या वाटेचा सर्वांत मोठा धनी तर कोणत्याहि न्यायालयापुढें येत नाहीं. 1950 पासून यलोस्टोनच्या प्रदेशांतील सरासरी उष्णमान 2.3 अंश फॅरनहाइटनें वाढलें आणि वार्षिक हिमवर्षाव सुमारें 23 इंचांनीं घटला, असें 2021 सालच्या शास्त्रीय अहवालांत नमूद आहे. नांगर थांबवितां येतो, निकाल फिरवितां येतो, तांडे मोजतां येतात. हिमाला मात्र हुकूम सोडतां येत नाहीं. एका बापानें मूल वांचविण्यासाठीं ज्या बर्फावर मात करण्याची धडपड केली, तेंच बर्फ आणखी कांहीं वर्षें पुरेसें पडावें, अशी वाट आज एक अख्खें गांव पाहत बसलें आहे.