कॅसेटच्या डबीवरचं नाव

आज आम्ही इतिहास सांगणार आहोत, पण राजेराजवाड्यांचा नाही. रेकॉर्ड आणि कॅसेटचा. पांढरकवड्याच्या आसपास आपल्या घरोघरी जी गाणी वाजली, ती आली कुठून, आणि त्यांत आपला आवाज किती होता, हे पाहायचं आहे.

आमच्या गटातल्या बायांना आम्ही विचारलं, घरात पहिली कॅसेट कोणती आली? कापसाचा चुकारा हाती आला त्या दिवाळीत टेप आला, असं बऱ्याच जणींनी सांगितलं. काहींच्या लग्नात तो घड्याळ-सायकलीबरोबर नवरदेवाला द्यावा लागला होता. कोणाकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं, कोणाकडे सुलोचना चव्हाणांच्या लावण्या. प्रल्हाद शिंदे तर सगळीकडे. एका मोहल्ल्यात त्यांची विठ्ठलाची गाणी, दुसऱ्या मोहल्ल्यात त्यांचीच भीमगीतं. गळा एकच. फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची, हे काम मात्र लेकींचं. बटण दाबायचा मान भावाचा!

आता थोडं मागे जाऊ. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान या गायिकेचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डपैकी ती एक. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. रेकॉर्डी छापायला जर्मनीला जात, तिथल्या माणसांना गाणारी कोण ते कळावं म्हणून ती असं करायची, असं सांगतात. कारण काहीही असो, तिचं नाव तिच्या गाण्याला चिकटून राहिलं. तेव्हा घरंदाज म्हणवणाऱ्या बायांनी चारचौघांत गाणं कमीपणाचं समजत. पुढे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, तेव्हा ती वाट थोडी रुंद झाली.

मग मोठी तबकडी आली. तिच्या एकेका बाजूला वीस-बावीस मिनिटं गाणी. त्यामुळे एकाच विषयाची गाणी ओळीनं ऐकता यायला लागली. यालाच अल्बम म्हणतात. १९७४ साली शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली, तेव्हा 'शिवकल्याण राजा' आला. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांचं संगीत, बाबासाहेब पुरंदरेंचं निवेदन.

'गीतरामायण' त्याच्याही आधीचं. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला नवं गाणं, अशी ५६ गाणी झाली. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. रेडिओवर माणिक वर्मा, लता मंगेशकर, मालती पांडे अशा गायिकाही गायल्या होत्या. पण पुढे रेकॉर्ड निघाली ती एकट्या बाबूजींच्या आवाजात. घरोघरी पोचला तो त्यांचाच आवाज. त्यांचं गाणं मोठंच आहे, त्यात शंका नाही. तरी मूळ कार्यक्रमात गाणाऱ्या बायांची नावं किती जणींना आठवतात?

कॅसेट निघाली १९६३ साली, परदेशात. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात स्वस्त झाली आणि गावोगावी पोचली. महागडी तबकडी ज्यांच्या दारात कधी आली नसती, त्यांची गाणी कॅसेटवर आली. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांचं गाणं खेड्यातल्या झोपडीत वाजू लागलं ते असं.

परदेशातली एक हकिकत ऐका. तिकडे त्या काळी रॉक नावाच्या संगीताचे अल्बम गाजत होते. तरुण पोरं ते जपून ठेवत, त्यांच्याशी आपल्या आठवणी जोडत, आपण कॅसेटशी जोडल्या तशाच. १९७३ साली पिंक फ्लॉइड या इंग्रज मंडळींचा 'द डार्क साइड ऑफ द मून' आला. त्यात एका गाण्याला शब्दच नाहीत. क्लेअर टॉरी नावाच्या गायिकेला बोलावलं होतं, आणि तिनं उभ्या उभ्या, मनानं ताना रचून ते गायलं. बिदागी मिळाली ३० पौंड. अल्बमच्या कोट्यवधी प्रती खपल्या. गायिका म्हणून तिचं नाव होतं, पण रचणारी म्हणून नव्हतं. अखेर २००४ मध्ये ती कोर्टात गेली. २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर रचनेतही तिचं नाव लागायला लागलं. बत्तीस वर्षांनी!

बायांनो, मनानं रचून गाणं आपल्याला नवं आहे का? जात्यावर बसून आपल्या आज्यांनी तेच केलं. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईपुढे पोरी गातात, ती गाणी कोणी रचली? कुठल्या डबीवर त्यांचं नाव आहे? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजारावर गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. आणि कोणत्या गावच्या, कोणत्या बाईनं गायली, हेही त्यांनी लिहून ठेवलं. त्या कामाचं मोल आम्हाला तिथंच दिसतं.

आपल्याकडे जाती कोपऱ्यात पडली, टेप माळ्यावर गेला. गाणी येणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून चालल्या आहेत. पण हातात मोबाइल आहे. आम्ही ठरवलं आहे की प्रत्येक गटानं या कोजागिरीपर्यंत आपल्या गावातल्या निदान एका आजीचं गाणं घ्यायचं. मराठी असो, गोंडी असो की कोलामी. आधी तिला विचारायचं. नाही म्हणाली तर घ्यायचं नाही, आणि तिच्या परवानगीशिवाय कोणाला पाठवायचं नाही. घेताना पंखा बंद ठेवा, मोबाइल जवळ धरा. आणि गाण्याच्या आधी तिच्याच तोंडून तीन गोष्टी येऊ द्या : तिचं नाव, तिच्या माहेरचं गाव, आणि हे गाणं तिला कोणी शिकवलं.

नाव मात्र पूर्ण घ्या. अमक्याची माय, तमक्याची बायको, एवढ्यावर थांबू नका.