आवृत्तींची विसंगती आणि डॉट नेट फ्रेमवर्क : एका व्यवस्थेचा इतिहास

एकदा लिहिलेला कोड अनेक प्रोग्रॅमांनी सामाईकपणे वापरावा, ही कल्पना मूलतः काटकसरीची होय. मेमरी आणि डिस्क महाग असण्याच्या काळात विंडोज प्रणालीतील डीएलएल फाइलींनी ती काटकसर साधली. परंतु एका प्रोग्रॅमबरोबर आलेली नवी फाइल जुनीच्या जागी बसे, आणि जुनीवर विसंबलेला दुसराच प्रोग्रॅम अकस्मात बंद पडे. या अवस्थेस ‘डीएलएल हेल’, म्हणजे डीएलएलचा नरक, असे नाव पडले.

२००२ साली आलेल्या डॉट नेट फ्रेमवर्कने या दोषाच्या मुळाशी हात घातला. स्ट्राँग नेम दिलेल्या असेंब्लीची ओळख केवळ नावावर न राहता चार भागांची आवृत्ती, भाषा-संस्कृती व सार्वजनिक किल्ली यांवरही ठरू लागली. त्यामुळे एकाच असेंब्लीच्या दोन आवृत्त्या एका यंत्रावर शेजारी-शेजारी नांदू शकल्या. तथापि या काटेकोरपणातूनच नवी अडचण उद्भवली. एक प्रोजेक्ट एका आवृत्तीवर आणि त्याने वापरलेला दुसरा प्रोजेक्ट निराळ्या आवृत्तीवर बांधलेला असे. अंतिम फोल्डरमध्ये मात्र त्या नावाची एकच फाइल राही आणि दुसरी मागणी फेटाळली जाई. यावर बाइंडिंग रिडायरेक्टचा उपाय होता. जुन्या आवृत्तीची मागणी नव्या आवृत्तीने भागवावी, असा आदेश कॉन्फिगरेशन फाइलीत लिहिला जाई. वस्तुतः हे केवळ एक आश्वासन होते. नव्या आवृत्तीतून एखादी मेथड वगळलेली असल्यास तिची हाक येईपर्यंत दोष उघडकीस येत नसे.

२०११ साली न्यूगेटची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. पॅकेज मिळविणे सुलभ झाले. पण एका पॅकेजामागून त्याची अवलंबने येऊ लागली आणि विसंगतीचे प्रसंगही वाढले. काही ग्रंथकर्त्यांनी पॅकेजची आवृत्ती व असेंब्लीची आवृत्ती भिन्न ठेवून हा ताप कमी केला. न्यूटनसॉफ्ट जेसनच्या १३.०.१ आणि १३.०.३ या पॅकेजांतील असेंब्ली १३.०.०.० हाच क्रमांक धारण करते. २०१६ च्या डॉट नेट कोअरने तर नियमच सैल केला : मागितलेली किंवा तिच्याहून वरची आवृत्ती मिळाल्यास ती स्वीकारली जाऊ लागली. २०१७ पासून पॅकेज रेफरन्स पद्धतीत अवलंबनांचे संपूर्ण जाळे एकत्र सोडविले जाऊ लागले, आणि आवृत्ती नकळत खाली उतरल्यास इशारा मिळू लागला. २०२२ मध्ये सर्व प्रोजेक्टांच्या आवृत्त्या एकाच मध्यवर्ती फाइलीत लिहिण्याची सोय झाली.

या क्रमावरून असे दिसते, की विसंगती नाहीशी झाली नाही. तिचा निर्णय करण्याचे स्थान बदलले. वापरकर्त्याच्या यंत्रावर फुटणारा दोष बांधणीपूर्वीच, तो निस्तरू शकणाऱ्याच्या नजरेस पडू लागला, हा लाभ मोठा आहे. परंतु आवृत्तीचा क्रमांक हा कर्त्याचा शब्द होय, वर्तनाचा पुरावा नव्हे. दोन आवृत्त्या खरोखर सुसंगत आहेत की नाहीत, हे अखेरीस चाचणीनेच ठरते.