वीज ‘खाते’च का?

पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्यात गेलात की लाईट गेल्यावर लोक ‘एमएसईबी’च्या नावाने हाका मारतात. इकडे पेडण्यात मात्र तोंडी येते ते ‘वीज खाते’. मधे जेमतेम एक नाका, पण दोन शब्दांची कुळे वेगळी.

महाराष्ट्राचे वीज मंडळ 1960 साली निघाले. तेव्हा पेडणे आणि डिचोली पोर्तुगिजांकडे होती. मुक्तीनंतर 1963 साली गोव्यातला वीजपुरवठा आला तो सरकारी खात्याच्या हाती. शिक्षण खाते, आरोग्य खाते, तसेच हे. पुढे 2003 चा वीज कायदा आला, राज्याराज्यांतली मंडळे मोडून कंपन्या झाल्या; महाराष्ट्राच्या मंडळाची फोड जून 2005 मध्ये झाली. गोव्यात मोडायला मंडळच नव्हते. शिवाय सरकार स्वतः वीज वाटत असेल तर त्याला परवानाधारकच मानावे, अशी तरतूद कायद्यात होती. म्हणून खाते टिकले आणि नावही.

पण ‘खाते’ म्हणजे जमाखर्चाची वहीही. गोव्याच्या बाबतीत हाच अर्थ मला जास्त खरा वाटतो, कारण हे राज्य स्वतः फारशी वीज पिकवत नाही, विकत घेते. कोरबा आणि विंध्याचलची कोळशाची वीज, काक्रापार आणि तारापूरची अणुवीज, आणि थेट दक्षिणेतल्या रामगुंडमचे 100 मेगावॅट. तिळारीचे उदाहरण तर घरचेच. घाटमाथ्यावरचे पाणी टर्बाइन फिरवून खाली उतरते, धरणात साठते आणि कालव्याने आपल्या शेतांपर्यंत येते. धरणाच्या पाण्यात गोव्याचा वाटा 73.30 टक्के. टर्बाइनची वीज मात्र महाराष्ट्राची.

खाते 2008 साली संयुक्त वीज नियामक आयोगाच्या कक्षेत आले आणि या वहीला तपासनीस मिळाला. किती युनिट लागतील, कोणाकडून घेणार, काय दराने, वाटेत गळती किती, हे सगळे आता याचिकेत मांडावे लागते. आधी हिशेब एका वर्षाचा असे, मग तो काही वर्षांचा एकत्र होऊ लागला. जून 2023 मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि नजर दहा वर्षांवर गेली. आराखडा दहा वर्षांचा, पण दरवर्षी नव्याने मांडायचा. साधारण 75 ते 80 टक्के गरज दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधायची, आणि वर्षातल्या सर्वांत जड तासालाही वीज पुरेल हे आधीच दाखवायचे. त्यातच अक्षय ऊर्जेचे बंधन: एकूण वापरातला तिचा हिस्सा 2024-25 ला 29.91 टक्के, तो 2029-30 पर्यंत 43.33 टक्क्यांवर न्यायचा. सौर वीज दुपारी भरपूर मिळते. हरमल-मांद्र्याची हॉटेले उजळतात ती सूर्य बुडाल्यावर. त्या दोन-चार तासांची वीज कुठून आणायची, हा या आराखड्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

मागणीचा अंदाज बहुतेक मागच्या वर्षांवरून बांधतात. घरगुती, व्यापारी, शेती, उद्योग अशा प्रत्येक गटाची आजवरची वाढ पाहायची आणि तीच रेघ पुढे ओढायची. आता डिचोली घ्या. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी एकाएकी थांबल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. त्याच तालुक्यात आमोण्याचा लोखंडाचा कारखाना मात्र भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर स्वतःची वीज करतो. पेडण्यात मोपाच्या सड्यावर जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली, तुयेला इलेक्ट्रॉनिक्सची वसाहत आखली गेली. यातले मागच्या आकड्यांच्या रेघेत काय दिसले असते? सडा कधी बदलेल, खाण कधी उघडेल, हे गावाला आधी कळते. म्हणून आयोगाची जनसुनावणी मला फार मोलाची वाटते. दरवाढीला विरोध करायला लोक तिथे जातात, जावेच. पण आमच्या भागात पुढे किती वीज लागेल असे धरले आहे, आणि कशाच्या आधारावर, हेही तिथे विचारता येते.

अंदाज चुकला की त्याची किंमत बिलात उतरते. स्थिर आकार आणि ऊर्जा आकार यांच्या खाली ‘एफपीपीसीए’ अशी एक ओळ असते: इंधन आणि वीजखरेदीचा खर्च धरल्यापेक्षा जितका वर-खाली गेला, तितका फरक. कमी पडलेली वीज ऐनवेळी बाजारातून महाग घेतली, तर पार्से किंवा मयेच्या घरात तो भार याच ओळीतून पोचतो.