पाखरांची जात आणि माणसांची जात

वसई-दिवा लोहमार्गावरील खारबाव हे भिवंडी तालुक्यातील गाव. जवळच वसईची खाडी, खाडीलगत खारफुटी, भाताची खाचरे आणि अलीकडच्या काळात परिसरात उभी राहिलेली गोदामे. या भूमीवर सकाळच्या प्रहरी जी पाखरे नजरेस पडतात ती दुर्मीळ नव्हेत. गोदामांच्या पत्र्यांखाली पारवे, बांधावर साळुंक्या, गुरांमागे बगळे, तारेवर कोतवाल आणि खंड्या, पाण्याकाठी शेपूट हलविणारा परीट, खाडीवर घिरट्या घालणारी तांबूस पाठीची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार. काही दिवसांपूर्वी ही नावे ऐकून एका शाळकरी मुलाने आम्हांस विचारले, “सर, पाखरांतही परीट आणि ब्राह्मण असतात का?”

प्रश्न निरागस होता. परंतु आम्हांस तो अडीच हजार वर्षांमागे घेऊन गेला.

आमच्या भाषेने पाखरांना जी नावे दिली ती पाहिली म्हणजे समाजाने आपली उतरंड झाडांच्या फांद्यांवरही नेऊन बसविली असे दिसते. पाने शिवून घरटे करणारा तो शिंपी, खोडावर चोचीने घाव घालणारा तो सुतार, ओढ्याकाठी कपडे आपटावेत तशी शेपूट आपटणारा तो परीट. तांबूस पंखांचा, झुडपांतून संथपणे चालणारा एक पक्षी तर मोठा बोधप्रद आहे. कोणी त्याला भारद्वाज या गोत्रनामाने ओळखतात, तर कोणी त्यालाच कुंभारकुकडा म्हणतात. पक्षी एक, एका मुखी तो ऋषिकुलाचा, दुसऱ्या मुखी कुंभाराचा! आणि जिच्या नावाशी ब्राह्मण्य जोडले आहे ती घार मासे, खेकडे आणि प्रसंगी मेलेले जीवही खाऊन पोट भरते. पाखरांना या नावांचा पत्ताही नाही.

या भारद्वाज नावावरून सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्ताचे स्मरण होते. हेच सुत्त मज्झिमनिकायातही आले आहे. इच्छानंगल येथे वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद झाला. मातृपक्षाने व पितृपक्षाने सात पिढ्यांपर्यंत शुद्ध असेल तोच ब्राह्मण, हा भारद्वाजाचा पक्ष. शील आणि आचरण यांमुळेच मनुष्य ब्राह्मण होतो, हा वासेट्ठाचा. दोघे तथागतांकडे गेले. तथागतांनी त्यांना ग्रंथाचे प्रमाण दिले नाही, सभोवतालच्या सृष्टीचे दिले. गवत व झाडे, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे आणि शेवटी पंखांनी विहरणारे पक्षी यांचा क्रमाने उल्लेख करून त्यांनी दाखविले की, या सर्वांत जन्माने आलेली निरनिराळी चिन्हे आहेत. म्हणून त्यांच्या जाती निरनिराळ्या. मनुष्यांत मात्र केस, डोळे, नाक, ओठ, वर्ण अथवा स्वर यांपैकी कशातही असे चिन्ह सापडत नाही. मनुष्यामनुष्यांतील भेद हा केवळ नावाचा व व्यवहाराचा आहे.

येथे ‘जाति’ हा शब्द तथागतांनी ज्या अर्थाने योजिला, त्याच अर्थाने आजचे जीवशास्त्रही तो मराठीत योजिते. साळुंकी आणि पारवा या दोन जाती आहेत. जगातील सर्व माणसे मात्र एकाच जातीची आहेत. १९३६ साली ‘जातिसंहार’विषयक आपल्या प्रसिद्ध भाषणग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिभेद हा वंशभेद नसून एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे, हे सप्रमाण मांडले. त्या विचाराची मुळे या प्राचीन संवादापर्यंत पोहोचतात असे आम्हांस वाटते.

वासेट्ठसुत्त येथेच थांबत नाही. शेतीवर जगणारा तो शेतकरी, शिल्पावर जगणारा तो कारागीर, म्हणजे मनुष्य कर्माने ओळखला जातो, असे ते पुढे सांगते. शिंपी पक्ष्याचे पिल्लू शिंपीच होईल. ते कधी सुतार होणार नाही. भिवंडीच्या यंत्रमागावर मात्र ज्याच्या हाताला कसब आले त्याला माग चालविता येतो. मग तो कोणाच्याही पोटी जन्मलेला असो.

विनयपिटकातही एक पाखरू असाच धडा देते. भिक्खूंच्या गर्दीत सारिपुत्तांना निवासास जागा मिळाली नाही आणि त्यांनी रात्र झाडाखाली काढली. तेव्हा उत्तम आसन, उत्तम पाणी व उत्तम अन्न कोणास द्यावे, असे तथागतांनी विचारले. क्षत्रिय कुलातून प्रव्रजित झालेल्यास, ब्राह्मण कुलातून आलेल्यास, अशी उत्तरे काही भिक्खूंनी दिली. यावर तथागतांनी तित्तिर, माकड आणि हत्ती यांची कथा सांगितली. ज्या वडाखाली तिघे राहत, त्याचे बीज तित्तिराच्या विष्ठेतून पडले होते. म्हणून सर्वांत लहान देहाचा तित्तिर ज्येष्ठ ठरला आणि बाकीच्या दोघांनी त्याचा मान राखला. संघात मान कुलावर नव्हे, ज्येष्ठतेवर अवलंबून राहिला.

खारबावहून वसई रोडला जाऊन गाडी बदलली की पुढचेच स्थानक नालासोपारा. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे सापडला. आठव्या लेखात शिकारीच्या विहारयात्रा सोडून धम्मयात्रा स्वीकारल्याचे सांगितले आहे. नववा लेख आजारपण, विवाह, अपत्यजन्म व प्रवास या प्रसंगी होणाऱ्या मंगलविधींना अल्पफल म्हणतो आणि दास-सेवकांशी योग्य वर्तन व प्राण्यांविषयी संयम यांना खरे मंगल मानतो. भारद्वाज दिसला की दिवस शुभ जातो असे मानणाऱ्यांनी हा लेख अवश्य आठवावा. पाखरू दिसल्याने मंगल होत नाही. पाखरू जगू दिल्याने होते. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तीत पोपट, साळुंकी, चक्रवाक व हंस यांच्याबरोबर ‘गामकपोत’, म्हणजे गावातले साधे कबूतरही आहे. सम्राटाच्या करुणेत गावठी पाखरालाही स्थान होते.

त्या मुलास आम्ही एवढेच सांगितले, “बाळ, पाखरांत परीट नसतो आणि ब्राह्मणही नसतो. ती नावे माणसांनी दिली. पाखरांना जाती खरोखरच आहेत, पण त्यांत उच्चनीच नाही. माणसांत उच्चनीच आहे, पण जाती नाहीत.” आमच्या उपासक-उपासिकांनी रविवारी विहारातून परतताना मुलांना खाडीकाठी न्यावे, पाखरे दाखवावीत आणि तेथेच वासेट्ठसुत्ताची गोष्ट सांगावी. ज्या मुलाला शाळेच्या दाखल्यावर आपली जात प्रथम वाचावी लागते, त्याला जात या शब्दाचा खरा अर्थ पाखरांकडून कळावा, ही आमची इच्छा आहे.