शेवटचा न्याय आणि गावचा न्याय

कल्याणहून नगरला जाणारा रस्ता मुरबाडवरून माळशेज घाट चढतो. या घाटाच्या वर, नगर जिल्ह्यातल्या महारवाड्या-मांगवाड्यांत, अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात एक वेगळी कल्पना नेली : माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, आणि मग त्याचा न्याय होतो. घाटाखाली मुरबाड-शहापुरात मिशनने तसे मूळ धरले नाही. इथले महारवाडे पुढे बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झाले. तरीही या कल्पनेचे परिशीलन आपण केले पाहिजे, कारण तिने हात घातलेला प्रश्न आपलाच होता.

मरणाशी महाराचा संबंध गावाने ठरवून दिलेला होता. गावात कोणी मेले की निरोप घेऊन गावोगाव जायचे महाराने, सरणाची लाकडे वाहायची महाराने, प्रेतावरचे कापड घ्यायचे महाराने. १९५८ च्या कायद्याने वतन गेले तेव्हा ही चाकरी कागदावरून गेली. पण चाकरीच्या मागे तत्त्वज्ञान होते. कर्मविपाकाच्या सिद्धान्तात न्याय आधीच झालेला असतो आणि जन्म हीच शिक्षा असते. आरोप काय, साक्षीदार कोण, हे आरोपीला कधीच कळत नाही! चोखामेळ्याच्या नावावरील अभंगातही हीन जातीचे कारण मागल्या जन्मीच्या दोषात शोधलेले आहे. तो चोखा १३३८ साली मंगळवेढ्याला वेठीच्या कामावर गावकुसाची भिंत कोसळून मेला. परंपरा सांगते की नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. त्यांना जागा मिळाली ती महाद्वारापाशी, बाहेर.

याच्या शेजारी मत्तयाच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय ठेवून पाहावा. शेवटच्या दिवशी राजा विचारतो ते एवढेच : भुकेल्याला खाऊ घातले काय, तहानेल्याला पाणी दिले काय, उघड्याला वस्त्र दिले काय? जात विचारलेली नाही, मागला जन्म विचारलेला नाही. पाणवठ्यावरून हाकलल्या गेलेल्या माणसाच्या कानावर हे पडले असेल, तेव्हा प्रथमच आरोपीच्या पिंजऱ्यात तो नव्हता, गाव होता. लूकच्या शुभवर्तमानात तर श्रीमंत माणूस ज्वाळेतून लाजराच्या बोटावरचे थेंबभर पाणी मागतो. शहापूर तालुक्यात ही कथा शिकवायला भाष्य लागू नये. तानसा आणि भातसाचे पाणी इथून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते.

मात्र न्याय मरणापलीकडे ढकलला की इहलोकीचा अन्यायी निर्धास्त होतो. बाबासाहेबांनी या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवरील त्यांचा निबंध त्यांच्या पश्चात, १९८९ साली, समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आला. त्यात ते म्हणतात की, माणसाच्या अधःपतनाचे कारण त्याचे पाप आहे ही शिकवण समाजशास्त्राच्या विरुद्ध जाते. अस्पृश्याला पाडले ते त्याच्या पापाने नव्हे, भोवतालच्या परिस्थितीने. पापक्षमा मागत बसलेला माणूस परिस्थितीशी झगडायला उठत नाही. मला हा आक्षेप निर्णायक वाटतो, पण तो मिशनच्या शिकवणीवरचा आहे. मत्तयाच्या त्या अध्यायाला तो लागू पडत नाही.

बाबासाहेबांनी स्वीकारलेला बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान नाकारलेले आहे. मग मरणापुढे आशा कोणती? ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेपाशी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी लाखाहून अधिक लोकांना धम्मदीक्षा दिली. तिथे स्वर्गाचे आश्वासन कोणी दिले नव्हते, मागितलेही नव्हते.

ख्रिस्ती झालेल्या आपल्या माणसांची कहाणी इथे वेगळी होते. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर इथल्या कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी भिंत घालून वेगळ्या काढल्या गेल्या. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी चर्चच्या या ब्राह्मणी वळणावर टीका केली आणि त्यातून दलित ईश्वरविद्येचा प्रवाह सुरू झाला. शासनाचा निवाडा मात्र निराळाच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील अनुसूचित जातींमध्ये १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले.