आपल्याच पेटीचे कुलूप

२००४ सालच्या भाऊबिजेची गोष्ट. न्यू जर्सीला स्थायिक झालेला माझा मामेभाऊ त्या वर्षी दिवाळीला घरी आला होता. येताना त्याने मुलांसाठी एका इंग्रजी बोलपटाची डीव्हीडी आणली. दुपारची जेवणे झाली, पाने उचलली गेली आणि घरातली नऊ-दहा पोरे चकल्यांच्या डब्यासकट दूरचित्रवाणीच्या संचापुढे येऊन बसली. यंत्र नवे कोरे, दसऱ्याला घेतलेले. भावाने मोठ्या ऐटीत तबकडी आत सरकवली. यंत्राने ती दोन-चारदा गरगर फिरवली आणि पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटली. तिचा मतलब एवढाच, की ही तबकडी या मुलखासाठी नाही. काढली, रुमालाने पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तीच ओळ. पोरांचे चेहरे उतरले. कोपऱ्यात वाती वळीत बसलेली आजी म्हणाली, "पैसे मोजून घेतलीस ना रे? मग ही लागत कशी नाही?"

भावाला उत्तर देता आले नाही. मलाही नाही. आजीला कल्पना नव्हती, पण तिने विचारलेला प्रश्न त्याआधीची चार वर्षे अमेरिकेतल्या आणि नॉर्वेतल्या न्यायालयांत चालला होता, आणि दोन्हीकडचे निकाल एकमेकांच्या उलट लागले होते.

ती हकीकत मी पुढे सवडीने वाचली. तिच्यात माझा जीव गुंतला याचे एक कारण आधीच सांगून टाकतो. त्या खटल्यातला आरोपी माझ्याच वयाचा होता. मी दहावीच्या परीक्षेला बसलो त्या १९९९ साली त्याने जे केले, त्यापायी पुढे त्याच्या दारात पोलीस आले. आज वर्गात शेवटच्या बाकावर बसून घड्याळ खोलणारा एखादा मुलगा दिसला, की मला तो आठवतो.

प्रथम हे कुलूप काय होते ते पाहू. डीव्हीडी बाजारात आली १९९६ साली, जपानात. चित्रपटवाल्यांना तिच्यापायी मोठा घोर लागला होता. जुन्या फितीची नक्कल काढली की चित्र फिके पडे, नकलेची नक्कल त्याहून फिकी. तबकडीवरचे चित्र आकड्यांत साठवलेले असते. त्याची हजारावी नक्कलही पहिलीसारखीच लख्ख. म्हणून त्यांनी हे आकडे विस्कटून ठेवण्याची एक पद्धत काढली. तिचे नाव कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टिम. विस्कटलेले आकडे जुळवण्याची किल्ली तबकडीवरच असे, पण बंद डब्यात. असे सुमारे चारशे डबे, आणि प्रत्येकात तीच किल्ली. यंत्र बनवणाऱ्या कारखान्याने परवाना घेतला, म्हणजे त्याला त्यातला एक डबा उघडण्याचे साधन मिळायचे. परवान्याच्या अटी कडक होत्या. जगाचे सहा प्रदेश पाडलेले. अमेरिका पहिल्यात, हिंदुस्थान पाचव्यात. एका प्रदेशाची तबकडी दुसऱ्या प्रदेशाच्या यंत्राने नाकारायची, हीसुद्धा त्यातलीच अट. आमच्या भाऊबिजेवर पाणी पडले ते हिच्यामुळे.

गंमत अशी, की खऱ्या चोराला हे कुलूप आडवे येतच नव्हते. कारखाना घालून बसलेला नकलाकार अख्खी तबकडी जशीच्या तशी छापतो, कुलपासकट, डब्यांसकट. ती कोणत्याही यंत्रात बिनबोभाट चालते. पेटी फोडायची कोणाला, जर ती उचलूनच नेता येते? अडत होते ते घरी बसून वेगळ्या तऱ्हेने चित्र पाहू इच्छिणाऱ्याचे.

त्या काळी लिनक्स नावाची संगणकाची कार्यप्रणाली हौशी मंडळींत पसरत होती. जगभरच्या हजारो लोकांनी मिळून रचलेली आणि फुकट वाटलेली. तिच्यावर डीव्हीडी दाखवणारा एकही परवानाधारक कार्यक्रम तेव्हा नव्हता. दक्षिण नॉर्वेत लार्विकजवळ राहणाऱ्या यॉन लेक योहानसेन या पंधरा वर्षांच्या मुलाची आणि इंटरनेटवरच्या दोन अनामिक सोबत्यांची गट्टी जमली. कुलूप फोडण्याचे खरे काम यॉनचे नव्हेच, ते सोबत्याचे. झिंग नावाच्या एका कंपनीने आपल्या कार्यक्रमातली किल्ली नीट झाकलीच नव्हती. दाराला भलेथोरले कुलूप लावून किल्ली तुळशीवृंदावनात ठेवावी, तसला प्रकार. ती त्यांना सापडली. यॉनने वापरणाऱ्याला सोयीचे पडेल असे बाह्यांग रचले आणि १९९९ च्या ऑक्टोबरात तो कार्यक्रम जगापुढे ठेवला. त्याचे नाव डीसीएसएस. थोड्याच दिवसांत फ्रँक स्टीव्हन्सन या दुसऱ्या नॉर्वेकराने दाखवून दिले, की हे कुलूप मुळातच कच्चे आहे. सापडलेल्या किल्लीवाचूनही ते संगणकाला पाहता पाहता उघडता येते.

पहिला दावा कॅलिफोर्नियात पडला, १९९९ च्या डिसेंबरात. कुलपाचे परवाने देणाऱ्या संघटनेने तो लावला होता. म्हणणे असे, की हे आमचे धंद्यातले गुपित आहे आणि ते चव्हाट्यावर मांडणाऱ्यांना आवरा. हे म्हणणे मांडताना संघटनेच्या वकिलांनी काय करावे? गुपित काय ते न्यायाधीशांना कळावे म्हणून ती सारी आज्ञावली दाव्याच्या कागदांना जोडून दिली, आणि ते कागद मोहोरबंद ठेवण्याची विनंती करायला विसरले! न्यायालयात दाखल झालेला कागद कोणीही पाहावा, असा तिकडचा रिवाज. चूक ध्यानात येऊन धावाधाव होईतो लोकांनी त्याच्या नकला घेऊनही टाकल्या होत्या. मनाईहुकूम मात्र २००० च्या जानेवारीत निघाला. मग कोणी ती आज्ञावली सदऱ्यांवर छापून विकू लागले, तर त्या सदरेवाल्यांनाही प्रतिवादी करण्यात आले.

दुसरा आणि मोठा खटला न्यूयॉर्कचा. अमेरिकेने १९९८ साली एक नवा कायदा केला होता. त्याने नक्कल काढणे तर सोडाच, नकलेविरुद्धचे कुलूप उघडणारे साधन लोकांना पुरवणेही निषिद्ध ठरवले होते. त्याचा आधार घेऊन हॉलिवूडच्या आठ कंपन्यांनी १४ जानेवारी २००० रोजी दावा लावला. प्रतिवाद्यांत मुख्य उरला तो '२६००' नावाच्या त्रैमासिकाचा संपादक एरिक कॉर्ले. हा गृहस्थ ऑर्वेलच्या कादंबरीतल्या एका बंडखोराचे नाव घेऊन लिहितो, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी. हुकूम निघताच त्याने आज्ञावली काढून टाकली, पण ती आणखी कुठे मिळते त्याचे पत्ते छापले. न्यायमूर्ती लुइस कॅप्लन यांच्यापुढे जुलैत सुनावणी झाली. साक्षीला नॉर्वेहून सोळा वर्षांचा यॉनही आला होता. लिनक्ससाठी केले म्हणतोस, मग तुझा कार्यक्रम विंडोजवर कसा चालतो, असा पेच त्याला पडला. त्याने सांगितले, की तबकडीवरच्या फाइलींची मांडणी लिनक्सला तेव्हा वाचता येत नव्हती, म्हणून आधी विंडोजवर पारखून पाहिले. उत्तर खोटे नव्हते. न्यायमूर्तींचे मात्र त्याने समाधान झाले नाही.

माझ्यासारख्या लिहिणाऱ्या माणसाला या खटल्याचा एक भाग फार मोलाचा वाटतो. डेव्हिड टुरेट्झकी या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी साक्ष दिली, की आज्ञावली आणि साधी भाषा यांत भिंत घालता येणार नाही. आज्ञा संगणकाच्या भाषेत लिहा की इंग्रजीत, मजकूर एकच. एकाला बंदी करायची तर दुसऱ्याला कशी मोकळीक देणार? कॅप्लन यांनी हे अर्धे मानले. आज्ञावली हे लेखन आहे, लेखनस्वातंत्र्याचे संरक्षण तिला आहे, हे त्यांनी कबूल केले. पण ती नुसती वाचली जात नाही, ती कामही करते, आणि त्या कामाला आळा घालण्याचा कायद्याला अधिकार आहे, असा निर्णय त्यांनी १७ ऑगस्ट २००० रोजी दिला. छापणे बंद, आणि पत्ता दाखवणेही बंद. नोव्हेंबर २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. निकाल विचारपूर्वक लिहिलेला आहे; त्याला सहज उडवून लावता येणार नाही. तरी वाटसरूला पाटी दाखवणाऱ्यालाही त्यात गोवले, हे मला अजून पटलेले नाही.

या निकालावर लोकांनी जे केले ते वकिलांना सुचले नसते. सेथ शोएन याने कुलूप उघडण्याची सारी रीत हायकूंत लिहून काढली. एक-दोन नव्हे, ४६५ कडवी. शिरीष पैंनी मराठीत रुजवलेला हा इवलासा काव्यप्रकार असल्या कामालाही येईल असे कोणाला वाटले असते! पण आपल्याला त्याचे नवल वाटू नये. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त हिशेब करण्याच्या रीती श्लोकांतच बांधल्या. पाठ म्हटला तर श्लोक, पाटीवर उतरवला तर आज्ञावली. आता या कडव्यांना मनाई करायची की नाही? फिल कार्मोडी याने तर २००१ साली १४०१ आकड्यांची एक मूळ संख्या शोधून काढली. ती ठरावीक तऱ्हेने लिहून उलगडली, की तीच आज्ञावली बाहेर येते. म्हणजे एक संख्या बाळगणे गुन्हा ठरतो काय, हा प्रश्न!

इकडे नॉर्वेत २४ जानेवारी २००० रोजी आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणारे पोलीस यॉनच्या घरी आले. त्यांनी संगणक नेला, फोन नेला, मुलाची कित्येक तास जबानी घेतली. आज्ञावली ज्या यंत्रावरून लोकांना मिळत होती ते वडिलांच्या मालकीचे, म्हणून वडिलांवरही संशय. त्याच सुमारास त्या मुलाला शाळकरी विद्यार्थ्यांसाठीचे एक राष्ट्रीय पारितोषिक मिळाले होते. एका हाताने शाबासकी, दुसऱ्या हाताने झडती! आरोपपत्र यायला मात्र दोन वर्षे लागली. दहावी-बारावीची उमेदीची वर्षे त्याने ही तलवार डोक्यावर घेऊन काढली.

कोणत्या कलमाखाली आरोप ठेवावा, हा पोलिसांपुढचा पेच होता, कारण अमेरिकेसारखा कायदा नॉर्वेत नव्हता. त्यांनी १९०२ च्या दंडसंहितेतले १४५ वे कलम काढले. हे कलम मुळात दुसऱ्याचे बंद पाकीट फोडून पत्र वाचणाऱ्यासाठी होते. काळ बदलला तशी त्यात संगणकावरच्या माहितीची भर पडली होती. दुसऱ्याचे पत्र फोडू नये, हे आपल्याकडे मुलांना न सांगताही कळते. पण हे पत्र कोणाचे? सरकारी पक्षाने नव्वद दिवसांची स्थगित कैद मागितली. ऑस्लोच्या न्यायालयात डिसेंबर २००२ मध्ये खटला चालला. न्यायाधीश इरेने सोग्न आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ७ जानेवारी २००३ रोजी निकाल दिला: तबकडी त्याने रीतसर विकत घेतली होती, तिच्यावरचे चित्र पाहण्याचा त्याला हक्क होता, आणि ज्याच्यावर आपला हक्क आहे ते उघडल्याबद्दल कोणाला शिक्षा देता येत नाही. इतरांनी त्या साधनाचा गैरवापर केला असेल, तर तेवढ्याने तो दोषी होत नाही. सरकारने अपील केले. वरच्या न्यायालयाने सारा खटला पुन्हा ऐकला आणि २२ डिसेंबर २००३ रोजी पुन्हा निर्दोष म्हणून सोडले. जानेवारीत पोलिसांनी नाद सोडला. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या संघटनेनेही आपला दावा मागे घेतला. साऱ्या जगाच्या सदऱ्यांवर छापलेले गुपित किती दिवस गुपित म्हणायचे?

पुढचे थोडक्यात. अमेरिकेत नकला काढण्याचा कार्यक्रम विकणारी ३२१ स्टुडिओज ही कंपनी २००४ साली खटले हरून बुडाली. रिअलनेटवर्क्सला २००९ साली मनाई झाली. नॉर्वेने २००५ साली कायदा बदलून असली कुलपे फोडण्यास सामान्यतः बंदी केली, पण आपली वस्तू योग्य त्या यंत्रावर पाहण्यापुरती सवलत ठेवली. अमेरिकेत दर तीन वर्षांनी काही सवलती जाहीर होतात. वर्गात चित्रपटाचे तुकडे दाखवण्यासाठी कुलूप उघडण्याची मुभा २००६ साली चित्रपट शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मिळाली, २०१२ साली शाळामास्तरांनाही. मात्र त्यासाठी लागणारे साधन विकणे हा गुन्हा कायमच आहे! मास्तरांनी ते स्वतः घडवावे, अशी अपेक्षा असावी.

आपल्याकडे २०१२ साली लेखाधिकाराच्या कायद्यात ६५-अ हे कलम घातले गेले. त्यात हेतू महत्त्वाचा धरला आहे. दुसऱ्याचा हक्क बुडवण्याच्या हेतूने कुलूप फोडाल तर दोन वर्षांपर्यंत कैद. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी फोडाल तर नाही. पण दुसऱ्यासाठी कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि हेतू यांची नोंद ठेवली पाहिजे. आमच्या एसटी स्टँडबाहेर झाडाखाली बसणारा किल्लीवाला एवढी वर्षे बिनवहीचा धंदा करतो आहे. त्याला हे सांगितले तर तो बिचारा गोंधळून जाईल.

भावाची ती तबकडी अजून कपाटात होती. आजीला जाऊन बरीच वर्षे झाली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला, त्याला ती दाखवली. त्याने आपल्या संगणकात घातली. फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून निघालेला व्हीएलसी नावाचा फुकट कार्यक्रम त्याच्याकडे होता. तो परवाना न घेता कुलूप स्वतःच उलगडतो. चित्र लागले. मी त्याला ६५-अ कलम समजावून सांगितले. तो हसला, माझ्याच टेबलावरची वही ओढून घेतली, माझे नाव लिहिले, पत्ता लिहिला आणि विचारले, "सर, हेतू काय लिहू?"

"लिही," मी म्हटले, "पैसे मोजले होते."